जुन्या कुऱ्हाडींना नवे दांडे : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

घरातील कुऱ्हाडीची तीन जुनी पाती आज एकत्र केली, त्यांचे वजन केले आणि खडूने क्रमांक घातले. पहिले पाते लाकूड फोडण्याचे असून त्याचे वजन १ किलो ६०० ग्रॅम आहे. दुसरे फांद्या तोडण्याचे, ८५० ग्रॅमचे आहे. ही दोन्ही घिसाड्यांच्या, म्हणजे भटक्या लोहारांच्या, घडणीची आहेत. तिसरे कारखान्यात साच्यात ठोकून काढलेले असून १ किलो २०० ग्रॅम भरले. तिन्हींचे लोखंड दणकट आहे, फक्त दांडे गेले आहेत: एक मोडलेला, एक किडलेला आणि एक नेढ्यात (दांडा बसवण्याच्या पात्यातील भोकात) इतका खिळखिळा झालेला की हाताने ओढला तरी निघाला असता.

आमच्या भोर तालुक्यात तयार दांडा बाजारात सहज मिळतो, तरीही तो विकत न घेता लाकडापासून घडवण्याचे ठरवले आहे. तयार दांडा बहुधा फळीतून यंत्रावर चिरलेला असतो. करवतीचे पाते सरळ जाते, लाकडाची शीर (तंतूंची दिशा) मात्र आपल्या वाटेने जाते, आणि जिथे शीर दांड्याच्या कडेतून बाहेर पडते तिथेच तो कधी ना कधी तिरका तुटतो. माझ्या मते दांड्याच्या बाबतीत लाकडाच्या जातीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व या एका गोष्टीला आहे.

५ फेब्रुवारी २०२५

जुन्या दांड्यांचे अवशेष नेढ्यातून काढले. खेड्यात यासाठी पाते सरळ चुलीत टाकण्याची पद्धत अजून आहे. लाकूड जळून जाते आणि नेढे मोकळे होते, परंतु धारेचे पाणी, म्हणजे तिला दिलेला कडकपणा, त्याच वेळी उतरते. पाणी दिलेल्या पोलादाचा कडकपणा दोन-तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे झपाट्याने कमी होऊ लागतो, आणि चुलीतील निखारा त्याच्या कितीतरी पुढे असतो. काही जण धार ओल्या चिखलात रोवून फक्त तुंब्याकडची, म्हणजे धारेच्या विरुद्ध टोकाची, बाजू तापवतात. तो मार्ग त्यातल्या त्यात बरा असला तरी अनावश्यक आहे.

येथे दांडा नेढ्याच्या खालच्या कडेला लागून करवतीने कापला, उरलेल्या गुट्ट्यात ड्रिलने शेजारी शेजारी भोके पाडून तो पोकळ केला, आणि पाते दोन ठोकळ्यांवर पालथे ठेवून लोखंडी सळईने खालून वरच्या दिशेने ठोकून बाहेर काढला. दिशा महत्त्वाची आहे, कारण पाचर मारण्याच्या पद्धतीच्या पात्याचे नेढे वर किंचित रुंद आणि खाली अरुंद असते. तिसऱ्या पात्यात कोणीतरी दोन लोखंडी पाचरी आणि तीन खिळे ठोकलेले होते. सैल दांड्यात लोखंड ठोकत राहिल्याने लाकूड फाटत जाते, घट्ट होत नाही, हे त्या गुट्ट्याच्या चिरफळ्यांत स्पष्ट दिसले.

९ फेब्रुवारी २०२५

सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून तिन्ही पाती किराणा दुकानातील साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवली होती. सकाळी घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, उन्हात कोरडी करून लगेच तेलाचा हात दिला. सोड्याचे पाणी टाळले तर उरलेल्या आम्लामुळे तासाभरात पुन्हा तांबूस गंज धरतो. ग्राइंडरने चकचकीत करण्याचा मोह आवरावा असे मला वाटते. घणाचे घाव आणि काळपट साय ही त्या घडणीचीच खूण आहे, आणि ती गेल्याने कुऱ्हाडीच्या कामात काडीची सुधारणा होत नाही.

व्हिनेगरमुळे एक गोष्ट फार सुंदर दिसून आली. दुसऱ्या पात्याच्या धारेपासून सुमारे तीन सेंटीमीटर आत एक नागमोडी रेघ उमटली. रेघेच्या धारेकडच्या बाजूला धातू काळसर झाला आहे आणि अंगाकडच्या बाजूला तो फिकट राखाडी राहिला आहे. म्हणजे अंग मऊ लोखंडाचे असून धारेला पोलाद वेगळे जोडलेले आहे. भट्टीत दोन्ही पांढरीफटक तापवून घणाखाली एकजीव केलेले. कानस फिरवून पाहिली तेव्हा धारेजवळ ती घसरत गेली आणि रेघ ओलांडताच लोखंडात रुतू लागली. पहिल्या पात्यात अशी रेघ नाही. ते सलग एकाच पोलादाचे, बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्याचे असावे, कारण हल्ली घिसाडी पुष्कळदा तोच माल वापरतात.

१२ फेब्रुवारी २०२५

तडे तपासले. रॉकेल फडक्याने नेढ्याच्या आतबाहेर भरपूर लावून अर्धा तास ठेवले, मग पाती कोरडी पुसून त्यांवर पातळ कालवलेला चुना फासला. कुठे तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल वाळलेल्या चुन्यावर हळूहळू गडद रेघेच्या रूपाने वर येते. तिन्ही पाती निर्दोष निघाली. नेढ्याच्या भिंतीला तडा असलेल्या पात्याला कितीही चांगला दांडा बसवला तरी ते पाते वापरू नये. तुटलेला तुकडा कोणाच्या दिशेने जाईल हे आपल्या हातात नसते.

पहिल्या पात्याचा तुंबा मात्र फुलला आहे. त्याने लोखंडी पहारी आणि पाचरी ठोकल्यामुळे कडा छत्रीसारख्या बाहेर आल्या आहेत आणि नेढ्याची मागची भिंत आत दबली आहे. बाहेर आलेल्या कडा कानशीने काढल्या, कारण त्यांचे कपचे उडून डोळ्यात जाऊ शकतात. दबलेले नेढे मात्र कानशीने सुधारणारे नव्हते.

१६ फेब्रुवारी २०२५

रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडे पहिले पाते नेले. “मामा, नेढं जरा उघडून मिळेल का?” असे विचारताच त्यांनी पाते हातात फिरवून, नेढ्यातून आरपार पाहून सांगितले, “मिळंल की. पण धार पाण्यात ठिवून मागनं तापवावं लागंल.” भात्यावर त्यांच्या पत्नी बसल्या. तुंब्याकडची बाजू लाल होताच पाते ऐरणीवर आले, धारेवर ओले पोते टाकले गेले आणि नेढ्यात लंबगोल सुंबा (भोक रुंदावण्याचा लोखंडी खुंटा) वरून ठोकला गेला. चार-पाच घावांतच दबलेली भिंत बाहेर आली. ते पुढे म्हणाले, “आता हे राखंत गार होऊ द्या, पानी घालू नगा.” मला धारेची जी काळजी होती ती त्यांनी विचारण्यापूर्वीच घेतली, आणि मागची बाजू मऊ राहावी म्हणून ती सावकाश निववण्याचा सल्लाही दिला.

आता नेढ्यांची मापे घेतली. पहिले वर ५८ × २६ आणि खाली ५४ × २३ मिलिमीटर आहे; तिसरे वर ५६ × २१ आणि खाली ५३ × १९. दुसऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. त्याचे नेढे जवळजवळ गोल असून एका बाजूस ३८ आणि दुसऱ्या बाजूस ३५ मिलिमीटर आहे, म्हणजे ते टिकावासारखे वरून दांडा ओवण्याचे आहे. अशा पात्याला पाचर लागत नाही. दांड्याचे वरचे टोक जाड ठेवतात, पाते खालच्या बारीक टोकाकडून चढवून वर सरकवतात, आणि कुऱ्हाड फिरवताना पाते बाहेर खेचले जाते तसतसे ते जाड टोकावर अधिकच आवळते.

९ मार्च २०२५

लाकडाची निवड. जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच्या बांधावरील धामणीची एक सरळ, मनगटापेक्षा जाड फांदी उतरवली होती आणि तिची लांबी तेव्हाच पाचरीने उभी फोडून ठेवली होती. धामणीचे लाकूड लवचीक आणि चिवट आहे. पूर्वी धनुष्यांसाठी आणि गाड्यांच्या दांड्यांसाठी ते वापरले जाई, आणि हत्यारांच्या दांड्यासाठी आमच्या भागात आजही त्यालाच पहिली पसंती असते. तिवसही फार चांगला, परंतु महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत तो असल्यामुळे स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. बाभूळ कठीण आणि सर्वत्र मिळणारी आहे. तिचा लालसर गाभाच घ्यावा, कारण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. सागवान दारे-खिडक्यांसाठी उत्तम असले तरी धक्का सोसण्याच्या कामी ते ठिसूळ पडते, आणि केवळ महाग म्हणून ते दांड्याला चांगले ठरत नाही.

फोडलेल्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप दिला होता, कारण ओलावा टोकांतून सर्वांत वेगाने निघतो आणि तिथेच चिरा पडतात. तुकडे सावलीत, खाली पट्ट्या देऊन ठेवले होते. ओल्या अवस्थेत २ किलो ९४० ग्रॅम असलेला तुकडा आज १ किलो ९८० ग्रॅम भरला, आणि गेल्या महिन्याच्या वजनात व आजच्या वजनात पाच ग्रॅमचाही फरक नाही. वजन स्थिर होणे हीच लाकूड वाळल्याची भरवशाची खूण आहे. ठोकून आवाज ऐकण्याची रीतही आहे, पण तिला अनुभवी कान लागतो.

१६ मार्च २०२५

शीर तपासण्याची एक सोपी पद्धत वापरली. तुकड्याच्या सपाट केलेल्या बाजूवर शाईचा थेंब टाकला असता तो गोल न पसरता तंतूंच्या दिशेने लांब धाव घेतो. त्या धावेच्या बाजूने पेन्सिलीने रेघ मारून ती दांड्याच्या नियोजित कडेशी पडताळली. मी ठेवलेली मर्यादा अशी की वीस सेंटीमीटर लांबीत शीर एका सेंटीमीटरपेक्षा जास्त बाजूला जाऊ नये. पाचरीने फोडलेल्या चारपैकी तीन तुकडे या कसोटीला उतरले. चौथ्यात बुंध्याकडे एक गाठ असून तिच्याभोवती शीर वळसा घेते. तो खुरप्यांच्या मुठींसाठी बाजूला ठेवला.

परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत दांड्याच्या टोकावरील वर्षवलये धारेला समांतर असावीत यावर पुष्कळ भर असतो. थंड प्रदेशातील अॅश किंवा हिकरीच्या लाकडात वलये ठळक असतात, त्यामुळे तिथे तो नियम डोळ्याला लगेच दिसतो. आपल्याकडच्या धामण-बाभळीत वलये इतकी स्पष्ट नसतात, आणि म्हणून येथे फोडलेली बाजू आणि शाईची रेघ यांवरच विसंबणे योग्य आहे.

३० मार्च २०२५

दांड्यांची ढोबळ घडण पूर्ण झाली. पहिल्याची लांबी ८५ सेंटीमीटर, दुसऱ्याची ५५ आणि तिसऱ्याची ७५ ठेवली आहे. वाकसाने (लाकूड तासण्याच्या सुतारी हत्याराने) जास्तीचे लाकूड काढताना नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे उतरत गेले की तंतू उचकटत नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या दांड्याचा हातात येणारा भाग ३६ × २६ मिलिमीटर लंबगोल ठेवला, आणि त्याचा लांब व्यास धारेच्या रेषेतच येईल अशी काळजी घेतली. लंबगोल दांडा धरताच धार कोणत्या दिशेला आहे ते डोळे न लावता हाताला कळते. गोल दांडा घाम आला की मुठीत फिरतो आणि घाव तिरपा बसतो. म्हणूनच दुसऱ्या पात्याचे नेढे गोल असले तरी त्याच्या दांड्याची मूठ लंबगोलच, मात्र नेढ्यातून जाईल इतकी बारीक केली आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या दांड्याच्या खालच्या टोकाला हात निसटू नये म्हणून थोडा फुगवटा ठेवला. मधला भाग मुद्दाम बारीक ठेवला आहे. दांडा जाड असला की तो मजबूत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात जाड दांडा वाकत नाही आणि घावाचा सगळा हादरा कोपर-खांद्याकडे पाठवतो. शेवटचे तासकाम फुटक्या काचेच्या ताज्या कडेने केले. आमच्या गावचे सुतारकाका अजून काचच वापरतात, आणि लाकडावरून निघणारा तो कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा पॉलिशपेपरने कधीही मिळत नाही.

२० एप्रिल २०२५

नेढ्यात दांडा बसवण्याचे काम आज सुरू केले, आणि यासाठी एप्रिल-मे हेच महिने जाणीवपूर्वक निवडले आहेत. आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा अगदी कोरडी असते, तर जुलैत आर्द्रता दिवस दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. लाकूड आडव्या दिशेने हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. पावसाळ्यात घट्ट बसवलेला दांडा पुढच्या उन्हाळ्यात सैल होणार हे ठरलेले आहे. उलट सर्वांत कोरड्या दिवसांत बसवलेला दांडा त्याच्या सर्वांत बारीक अवस्थेत बसलेला असतो, म्हणून पुढे तो सैल होण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या घंगाळात ठेवण्याची सवय घरोघरी आहे, आणि सकाळी ती घट्ट झालेलीही असते. मात्र लोखंडी नेढ्यात फुगायला जागा नसल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जाऊन चिरडतात, आणि पुन्हा वाळल्यावर लाकूड आधीपेक्षाही बारीक होते. अशा कुऱ्हाडीने घाव घालताना समोर माणूस उभा असेल तर धोका त्यालाच असतो, म्हणून ही सवय सोडावी असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

बसवण्यापूर्वी नेढ्याची खालची आतील कडा गोल कानशीने किंचित मारली. ती धारदार राहिली तर प्रत्येक घावाबरोबर तंतू कापत जाते, आणि बहुतेक दांडे बरोबर तिथेच तुटतात. त्यानंतर दिव्याची काजळी तेलात कालवून नेढ्याच्या आतून लावली, दांडा हलकेच ठोकून बसवला आणि काढला. लाकडावर जिथे काळे डाग पडले ती उंच जागा. तेवढीच पटाशीने खरवडायची आणि पुन्हा बसवून पाहायचे. पहिल्या पात्याला यात सर्वाधिक वेळ गेला, कारण हाताने घडवलेल्या नेढ्याच्या दोन्ही भिंती सारख्या नाहीत: डावी सरळ आहे आणि उजवीला मध्यभागी पोट आहे. काळे डाग चारही बाजूंनी सारखे दिसू लागले तेव्हाच थांबलो.

४ मे २०२५

पहिला आणि तिसरा दांडा कायमचा बसवला. पाते दांड्यावर ठोकण्याऐवजी कुऱ्हाड उलटी, पाते खाली लोंबते ठेवून एका हाताने अधांतरी धरली आणि दांड्याच्या खालच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके दिले. प्रथम पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, परंतु जड पाते जागच्या जागी राहते आणि दांडा त्यातून पुढे सरकत जातो. प्रत्येक ठोक्याबरोबर आवाज बदलत जातो, आणि तो भरीव झाला की दांडा आणखी सरकणार नाही हे समजावे.

पाचरीसाठीचा काप नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांशापर्यंत, धारेच्या रेषेत घेतला आहे. पाचर वाळलेल्या बाभळीच्या गाभ्याची, नेढ्याच्या पूर्ण रुंदीची आणि वर ७ मिलिमीटर जाड आहे. ठोकताना ती एका बाजूस कलणार नाही याची दक्षता घेतली. दांडा नेढ्याच्या वर ६ मिलिमीटर बाहेर ठेवला आहे, कारण पाचरीमुळे तो तिथे फाकून नेढ्याच्या कडेवर बसतो आणि पाते वर निसटण्यास अडवतो. लोखंडी पाचर, खिळा किंवा डिंक काहीही वापरलेले नाही.

लाकूड आणि लोखंड यांचा हा सांधा किती जुना प्रश्न आहे याची आठवण या कामात वारंवार होते. नागपूरजवळच्या माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील महाश्मयुगीन (मोठ्या शिळा रचलेल्या प्राचीन) दफनांत सापडलेल्या लोखंडी कुऱ्हाडींना नेढे नाही. ती चपटी पाती असून ती दांड्याला धरून ठेवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांची आडवी-तिरपी कडी वापरलेली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोहारांना नेमके हेच सोडवायचे होते, आणि त्यांनी लाकडाला पोकळीत बसवण्याऐवजी लोखंडाने बाहेरून आवळले.

११ मे २०२५

दुसरा दांडा वरून ओवून बसवला. गोल नेढ्यात पाते फिरण्याची शक्यता असते आणि त्यासाठी गोणपाटाची चिंधी गुंडाळण्याची पद्धत आहे. चिंधी दबून पातळ झाली की पाते पुन्हा फिरू लागते, म्हणून ती वापरली नाही. नेढे अगदी गोल नसून एका बाजूस दीड मिलिमीटर चपटे आहे. काजळीच्या डागांवरून तेवढाच चपटेपणा लाकडातही उतरवला, आणि आता हाताने जोर देऊनही पाते फिरत नाही.

तिन्ही दांड्यांना जवसाचे तेल दिले. पहिला हात भरपूर, विशेषतः नेढ्यातून दिसणाऱ्या वरच्या टोकाला आणि मुठीच्या शेवटाला, आणि त्यानंतर रोज एक पातळ हात देत आहे. व्हार्निश लावलेला दांडा दिसायला छान असतो, पण तळहाताला फोड आणतो. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये ही सूचना येथे मुद्दाम नोंदवतो: जवसाचे तेल हवेत सुकताना उष्णता सोडते, आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या चिंध्या तारेवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

धार कानशीने आणि मग दगडावर लावली. फोडण्याच्या कुऱ्हाडीला सुमारे ३५ अंश, फांद्यांच्या कुऱ्हाडीला २५ अंश आणि तिसरीला त्यांच्या मधला कोन दिला आहे. फिरत्या सहाणेवर काम लवकर होते, परंतु धार निळी पडली की तेवढ्या भागाचे पाणी गेले असे समजावे.

१८ मे २०२५

चाचणी. दांड्यावर नेढ्याच्या खालच्या कडेला लागून पेन्सिलीने बारीक रेघ मारली, मग बाभळीच्या ओंडक्यावर आधी हलके आणि नंतर पूर्ण जोराचे घाव घालून दर थोड्या वेळाने ती रेघ पाहिली. तिन्हींची रेघ जागेवर आहे. पहिल्या कुऱ्हाडीने वाळलेल्या आंब्याचे ओंडके फोडले. घाव बसल्यावर हाताला पूर्वीसारखी झिणझिणी येत नाही. दुसऱ्या पात्यावरचा दांडा पहिल्या तासाभरात एक मिलिमीटर आवळला, आणि या पद्धतीत तसे होणे अपेक्षितच आहे.

२० जुलै २०२५

संततधार पावसातील तपासणी. नेढ्याच्या वरचे लाकूड किंचित फुगून कडेवर आले आहे आणि पाचर एका पातळीत आहे. तिसऱ्या पात्यावर गंजाचे ठिपके दिसले. पुसून तेल लावले आणि कुऱ्हाडी भिंतीपासून लांब, चुलीच्या धुराच्या वाटेत टांगल्या.

२३ नोव्हेंबर २०२५

पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावरची तपासणी. पहिली आणि तिसरी कुऱ्हाड मे महिन्याइतकीच घट्ट आहे आणि पेन्सिलीच्या रेघा हललेल्या नाहीत. दुसरीचे पाते हाताने सुटे झाले होते, परंतु वरून ओवलेल्या दांड्यात कोरड्या दिवसांत असे होणारच. जमिनीवर दोन ठोके देताच ते पुन्हा जागेवर बसले. दांड्यांना जवसाच्या तेलाचा एक हात दिला आहे. धामणीची आणखी एक फांदी येत्या जानेवारीत उतरवून, लगेच फोडून, टोकांना लेप देऊन ठेवायची आहे. टिकावाचा आणि दोन कुदळींचा दांडा पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यात त्यातूनच करण्याचे ठरवले आहे.